साखळीतली बारा मिनिटं

“तीन आठला मॉनिटरचा अलार्म झाला आणि तीन वीसला तुम्ही औषधाच्या पंपाला हात लावलात,” डॉ. उपाध्ये म्हणाले. “मधली बारा मिनिटं तुम्ही कुठं होता, सिस्टर?”

“आयसीयूतच होते.” मार्था सिस्टर उभ्या होत्या. खुर्ची पुढं केली तरी बसल्या नव्हत्या. “अलार्म झाला आणि मी उठले. टेबलापासून चार नंबरची खाट दहा पावलांवर आहे, सर. दहा पावलांना बारा मिनिटं लागायला मी काय लंगडी आहे?”

“मी म्हणत नाही. साखळी म्हणतेय.”

साखळी माझी होती. म्हणजे भिंतीवरच्या पडद्यावर जे दिसत होतं ते सगळं मी बसवलेलं होतं, आणि ते बघताना माझी मान थोडी ताठ झाली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. समोरच्या कोचावर विलास हंकारे बसले होते. मिरजेपासून थोड्या अंतरावरच्या एका छोट्या स्टेशनचे ते स्टेशन मास्तर. दोन दिवसांपूर्वी त्यांचे वडील गणपतराव आमच्या आयसीयूत वारले होते. फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला होता, रक्तदाब औषधावर तोलून धरलेला होता. दुपारी तो एकदम घसरला आणि तासाभरानं म्हातारबुवा गेले. हंकारे ड्यूटीवरून पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आता त्यांच्या मांडीवर लेखी तक्रार होती.

“म्हणजे बारा मिनिटं माझे वडील तिथं तडफडत होते आणि या बाई दहा पावलांवर बसून होत्या,” ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता. “असंच ना?”

उपाध्येंनी माझ्याकडं बघितलं.

“नोंद तशी आहे,” मी म्हणालो.

“नोंदीत काही गडबड?”

“हीच तर गंमत आहे साहेब. यात गडबड करताच येत नाही.”

गंमत हा शब्द बापाच्या सुतकात बसलेल्या माणसासमोर मी वापरला. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो, नाव महावीर चौगुले, आणि पुण्याच्या एका कंपनीनं मला मिरजेतल्या त्या साठ खाटांच्या हॉस्पिटलात बसवलं होतं. काम असं की आयसीयूतली यंत्रं, म्हणजे मॉनिटर, व्हेंटिलेटर, औषध सोडणारे पंप, ही सगळी आता एकमेकांना जोडलेली असतात. पेशंटची नाडी किती, रक्तदाब किती, कुठलं औषध किती गेलं, कोणी सोडलं, ही माहिती सेकंदासेकंदाला त्यांच्यातून बाहेर पडत असते. ती वाटेत कोणी पळवू नये आणि मागाहून कोणी बदलू नये, एवढ्यासाठी ब्लॉकचेन. लोकांना समजावताना मी वहीचं उदाहरण द्यायचो. एकच वही चार ठिकाणी ठेवलेली: एक हॉस्पिटलात, एक विमा कंपनीकडं, एक आमच्या ऑफिसात, एक तिऱ्हाईत संस्थेकडं. प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाची खूण. एका वहीत कोणी आकडा खोडला की बाकीच्या तीन वह्या बोंब मारणार. “काळ्या दगडावरची रेघ,” असं उपाध्ये पाहुण्यांना सांगायचे. ते वाक्य त्यांच्या तोंडी मीच घातलं होतं.

हॉस्पिटलात मात्र तिला कोणी ब्लॉकचेन म्हणत नसे. सगळ्यांच्या तोंडी ती साखळी. आयामावश्या एकमेकींना दटावायच्या, “हळू बोल गं, साखळीत जाईल.” साखळी आली आणि महिन्याभरात कागदावरच्या नोंदी बंद झाल्या. मीच आग्रह धरला होता.

मार्था आवळे या तिथल्या सगळ्यांत जुन्या सिस्टर. एकतीस वर्षं झालेली, निवृत्तीला आठ महिने उरलेले. आयसीयूत त्यांचा शब्द उपाध्येंच्या शब्दापेक्षा जड. मोबाइल आत न्यायचा नाही हा त्यांचा कायदा. दाराबाहेर एक पत्र्याचा डबा ठेवलेला होता, त्यात मोठ्या मोठ्या डॉक्टरांनाही फोन टाकावे लागत. “खिशात गटार घेऊन फिरता आणि वर हात धुता,” असं त्या तोंडावर म्हणायच्या. मला त्यांनी पहिल्याच दिवशी ‘अरे-तुरे’ केलं आणि दुसऱ्या दिवशी डब्यातली थालीपीठं दिली.

त्या दुपारी आयसीयूत त्या एकट्या होत्या. दुसरी सिस्टर एका पेशंटला तपासणीला घेऊन गेली होती, डॉक्टर ऑपरेशनमध्ये. साक्षीला कोणी नव्हतं. होती ती साखळी.

उपाध्येंनी त्यांना चौकशीपर्यंत घरी बसायला सांगितलं. चौकशी आठ दिवसांनी. दोष ठरला तर नर्सिंग कौन्सिलला पत्र जाणार, नोंदणी जाणार, आणि एकतीस वर्षांच्या नावाला निष्काळजी हा शब्द कायमचा चिकटणार. निघताना दारात त्या माझ्यापाशी थांबल्या.

“महावीर, तुझ्या त्या साखळीला एकदा नीट विचार की रे.”

“सिस्टर, ती एकदाच सांगते,” मी म्हणालो. मोठं हुशारीचं बोललो असं मला वाटलं होतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी सकाळी मी आलेख काढायला बसलो. उपाध्येंना एकाच चित्रात सगळं हवं होतं. वरची रेघ रक्तदाबाची, खालची औषधाची. वरची रेघ तीन आठला खाली कोसळली होती, ते ठीकच. पण तीन दहाला ती पुन्हा वर चढायला लागली होती. आणि औषध वाढवलेलं तीन वीसला.

मी चष्मा पुसून परत बघितलं. औषध अंगात जायच्या दहा मिनिटं आधीच गुण आला होता. असं औषध अजून निघायचंय.

चित्र घेऊन उपाध्येंकडं गेलो. त्यांनी ते बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “होतं असं कधीकधी. शरीर आपलं आपण सावरतं थोडं.” आणि कागद परत देताना, “परवा विमा कंपनीची माणसं येतायत, लक्षात आहे ना? चौदा हॉस्पिटलांत साखळी बसवायचं काम आहे. तुमच्या पुण्याच्या साहेबांनी तुझं नाव घेतलंय त्यासाठी.”

लक्षात होतंच. त्या चौदा हॉस्पिटलांच्या जोरावर मी मनातल्या मनात पुण्यात केबिनही घेऊन टाकली होती.

मला शरीरातलं कळत नाही, यंत्रातलं कळतं. मी आयसीयूत गेलो. सिस्टर नव्हत्या म्हणून मोबाइल खिशात ठेवूनच आत शिरलो. चार नंबरच्या खाटेजवळचा पंप जुन्यांपैकी होता. असे सहा पंप होते. नव्या यंत्रांना, मॉनिटरलाही, वेळ नेटवर्कवरून आपोआप मिळते. या जुन्यांना ती बटणं दाबून भरावी लागते, आणि ते आपल्या नोंदी अर्ध्या अर्ध्या तासानं गठ्ठ्यानं पाठवतात, आपलीच वेळ घालून. पाच महिन्यांपूर्वी सहाही पंपांत वेळ मी भरली होती. आता पंपावर अकरा बावन्न दिसत होते. माझ्या मोबाइलवर अकरा चाळीस.

मी वर बघितलं. भिंतीवरच्या घड्याळातही अकरा बावन्न.

मग त्या दिवसाचं सगळं आठवलं. मोबाइल बाहेरच्या डब्यात, मनगटावर घड्याळ बांधायची मला सवय नाही. मी भिंतीकडं बघून वेळ भरली होती. मार्था सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. “उरक लवकर, माझा पेशंट खोळंबलाय,” म्हणत होत्या.

ते घड्याळ बारा मिनिटं पुढं असतं हे त्या हॉस्पिटलातल्या फरशीलासुद्धा ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला. ड्यूटी बदलताना पोरी रेंगाळत येतात म्हणून सिस्टरांनी ते कैक वर्षांपूर्वी पुढं केलं होतं, आणि सेल बदलले तरी पुन्हा तेवढंच पुढं लावत होत्या. कागदाच्या काळात त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही. अलार्मची वेळ त्याच घड्याळावरून लिहायची, औषधाचीही त्याच घड्याळावरून. सगळेच बारा मिनिटं पुढं, म्हणजे कोणीच पुढं नाही. मी आलो आणि अर्धी यंत्रं जगाच्या वेळेवर नेली, अर्धी मार्था सिस्टरांच्या वेळेवर ठेवली, आणि वर ते सगळं दगडात कोरून मोकळा झालो.

म्हणजे सिस्टर तीन वीसला गेल्याच नव्हत्या. तीन आठला गेल्या होत्या. मी सेकंद लावून बघितले. अलार्मपासून चाळीस सेकंद.

आनंद व्हायला हवा होता. माझी पाचावर धारण बसली. सहा पंप, पाच महिने, हजारो नोंदी, सगळ्यांच्या वेळा चुकलेल्या. चार वह्यांत पोचलेल्या. खोडता न येणाऱ्या. आणि वेळ कोणी भरली, तर महावीर चौगुले.

मी चार नंबरच्या पंपाची सेटिंग उघडली आणि वेळ बारा मिनिटं मागं घेतली. मग बाकीच्या पाचांचीही. प्रत्येक बदलाची नोंद साखळीत जाणारच होती: कोणी केला, जुनी वेळ काय, नवी वेळ काय. चोरानं घरात शिरून वहीत सही करावी तसं ते होतं, आणि ते मला कळत होतं. पण ती नोंद काढून वाचायची कशी हे त्या हॉस्पिटलात मला एकट्यालाच येत होतं, हेही मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी चौकशी. उपाध्येंच्या शेजारी बाहेरून बोलावलेले एक वयस्क डॉक्टर होते, ते फारसं बोलले नाहीत. एका बाजूला हंकारे, एका बाजूला सिस्टर. मी पडद्याजवळ. आलेखातली वरची रेघ मी काढून टाकली होती. फक्त दोन वेळा ठेवल्या होत्या, मोठ्या अक्षरात.

उपाध्येंनी सगळं वाचून दाखवलं. सिस्टरांनी तेच सांगितलं जे पहिल्या दिवशी सांगितलं होतं, त्याच शब्दांत. मग हंकारेंनी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

“एक विचारू का डॉक्टरसाहेब? तुमच्या आयसीयूतलं भिंतीवरचं घड्याळ दहा-बारा मिनिटं पुढं आहे. मी रोज भेटीच्या वेळेला बघायचो. आमचं कामच घड्याळाचं, नजर जातेच. या पडद्यावरच्या वेळा कुठल्या घड्याळाच्या?”

तक्रार या माणसाची होती. बाप त्याचा गेला होता. आणि ज्या बाईला तो खाली ओढायला आला होता तिच्या हातात त्यानं स्वतः होऊन दोर दिला होता.

“ते घड्याळ पुढंच असतं,” मार्था सिस्टर म्हणाल्या. “मीच ठेवते.” आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“पण यंत्रांचा भिंतीवरच्या घड्याळाशी काय संबंध?” उपाध्ये म्हणाले. “यंत्रांना वेळ नेटवर्कवरून मिळते. होय ना, महावीर?”

नव्या यंत्रांपुरतं ते खरं होतं. तेवढ्या खऱ्याला घट्ट धरून मी म्हणालो, “होय सर.”

“सगळ्या यंत्रांना?” हंकारेंनी विचारलं.

सिस्टर अजून माझ्याकडंच बघत होत्या. रागानं नव्हे. शाळेत कविता म्हणताना अडलेल्या पोराकडं बाई बघतात तशा.

“सगळ्या,” मी म्हणालो.

हंकारेंनी मान हलवली. त्यांची शंका फिटली होती. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं मग वर आलं. ते उठले आणि सिस्टरांसमोर जाऊन उभे राहिले.

“मरण कोणाच्या हातात नसतं बाई, हे मला कळतं. वय झालं होतं त्यांचं. पण तुम्ही त्यांना एकटं मरू दिलंत. माझं एवढंच मागणं आहे देवाकडं, तुमच्या शेवटच्या वेळीही तुमच्या उशाशी कोणी नसो.”

सिस्टरांनी पर्स उचलली, परत खाली ठेवली, परत उचलली. राजीनामा त्यांनी तिथंच टेबलावर लिहून दिला. कौन्सिलला पत्र सोमवारी जाणार असं ठरलं.

गुरुवारी विमा कंपनीची माणसं आली. पडदा बघून खूश झाली. त्यांतल्या एकानं मला विचारलं, एखादं ताजं उदाहरण आहे का, साखळीमुळं दोषी सापडल्याचं? उपाध्येंनीच पुढं होऊन ते सांगितलं, नावं न घेता. मी मूग गिळून उभा होतो. दुपारी जेवणात श्रीखंड होतं. पोट बिघडलंय असं सांगून मी पानावरून उठलो. शुक्रवारी कामाला गेलोच नाही.

शनिवारी मार्था सिस्टरांच्या घरी का गेलो हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा त्यांनी मला चार शिव्या द्याव्यात म्हणून. चर्चच्या मागच्या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. त्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या.

“ये. बस,” म्हणाल्या. पाट पुढं सरकवला.

मी बसलो. काय बोलायचं ते घोकून आलो होतो, त्यातलं एक अक्षर आठवेना.

“सिस्टर, तुम्हाला माहीत होतं.”

“काय?”

“मी पंपात वेळ भिंतीवरून भरली ते. तुम्ही शेजारी उभ्या होता.”

“होते की.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

त्यांनी एक जुडी संपवली, दुसरी घेतली. “मी बोलले असते तर काय झालं असतं? बाई आपल्याला वाचवायला पोरावर ढकलतेय, असं झालं असतं. तुझ्या साखळीपुढं माझ्या शब्दाला कोण विचारतंय रे? ते तू बोलायचं होतंस. मी थांबले होते तुझ्यासाठी. ‘सगळ्या?’ म्हणून त्यांनी विचारलं ना, तेव्हासुद्धा मला वाटलं, आता बोलेल हा.”

मला भयंकर लाज वाटली. तशी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि देव करो, पुन्हा न वाटो.

“घड्याळाची चूक तुझी एकट्याची नाही,” त्या म्हणाल्या. “पुढं मी ठेवलं आणि तुला सांगायचं मीच विसरले. ती चूक. चुकतं माणसाचं. पण परवा जे केलंस ती चूक नव्हे, महावीर.”

“मी आत्ता उपाध्ये सरांकडं जातो. सगळं सांगतो. पत्र जायच्या आधी.”

“जा की. पण आधी त्या हंकारेंकडं जा.”

“आधी त्यांच्याकडं?”

“माझी नोकरी राहिली होती आठ महिन्यांची. गेली तर गेली. पण तो माणूस ती बारा मिनिटं मोजत बसला असेल, आणि ती त्याला जन्मभर पुरतील. जा, उठ. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस तिथं. सरळ सांग.”

स्टेशनवर पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. हॉस्पिटलात जाऊन मी दोन कागद काढून घेतले होते: एक तो आलेख, दोन्ही रेघांचा, आणि एक मी वेळ बदलल्याची नोंद. हंकारे टेबलाशी होते. मला बघून उठले नाहीत. मी कागद पुढं ठेवले आणि सरळ सांगितलं, भिंत, पंप, बारा मिनिटं, सगळं.

त्यांनी कागद दोनदा वाचले. बोट ठेवून, ओळ सोडून न देता.

“म्हणजे बाई कधी आल्या होत्या?”

“अलार्मपासून चाळीस सेकंदांत.”

“आणि हे तुम्हाला कळलं कधी?”

“चौकशीच्या आदल्या दिवशी.”

“मी तुम्हाला ‘सगळ्या यंत्रांना?’ म्हणून विचारलं होतं.”

“होय.”

फोन वाजला. एक मालगाडी येत होती. त्यांनी पलीकडच्या स्टेशनशी बोलून आकडे लिहून घेतले, रजिस्टरात वेळ घातली, बाहेर जाऊन हिरवी झेंडी दाखवली. गाडी पूर्ण जाईपर्यंत ते तिथंच उभे होते. आत आल्यावर ते म्हणाले, “या खुर्चीवर बसून कोणी असं ‘सगळ्या’ म्हणालं, तर दोन गाड्या एका रुळावर येतात, चौगुले.”

मला वाटलं होतं ते मला हाकलून देतील. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

“त्या बाईंना मी काय बोललो, ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं.”

“घर माहीत आहे त्यांचं?”

“हो. आत्ताच येतोय तिथून.”

“मग थांबा. चारला जाऊ. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा मास्तर, येऊन चार्ज घेईपर्यंत मला ही खुर्ची सोडता येत नाही. आग लागली तरी नाही.”

मी बाकावर बसून राहिलो. रिलीव्हर त्या दिवशी वेळेवर आला. हंकारेंनी त्याला रजिस्टर समजावून दिलं, सही केली, सही घेतली, आणि माझ्या स्कूटरवर मागं बसले.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते कोणालाही अंदाजानं कळेल. पत्र गेलं नाही. हंकारेंनी तक्रार मागं घेतली. उपाध्ये माझ्यावर ओरडले आणि मग सिस्टरांच्या घरी जाऊन स्वतः राजीनामा परत देऊन आले. त्या कामावर आल्या आणि आपले आठ महिने पुरे करून निवृत्त झाल्या. चौदा हॉस्पिटलं गेली, माझी नोकरीही गेली. जाण्याआधी मी साखळीत शेवटची नोंद घातली. जुनं खोडता येत नाही, पण त्याच्याखाली खरं लिहिता येतं. ते लिहायला मला पूर्ण एक दिवस लागला, सहा पंप आणि पाच महिने. आता मी कोल्हापुरात यंत्रं दुरुस्त करतो आणि बरा आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा सिस्टरांची मेथी निवडून झाली होती आणि त्या ओटा झाडत होत्या. हंकारे पायरीपाशीच थांबले.

“बाई, मी त्या दिवशी तुम्हाला शाप दिला.”

“दुःखात माणूस बोलतो. वर या.”

“नको. इथंच बरा आहे. माझी जीभ झडायला हवी होती.”

“जीभ झडली तर गाड्या कोण सोडणार? बसा आधी.”

ते पायरीवर बसले. सिस्टरांनी केरसुणी कोपऱ्यात ठेवली आणि त्याही खाली बसल्या. मी अंगणात स्कूटरपाशी उभा होतो. मला कोणी बस म्हणालं नाही आणि ते योग्यच होतं.

मग हंकारेंनी विचारलं, “तुम्ही होता ना त्यांच्याजवळ? शेवटपर्यंत?”

“होते. औषध वाढवलं, दाब थोडा चढला, पण मला कळलं होतं, टिकायचा नाही. दुसऱ्या सिस्टर आल्या, डॉक्टर आले. मग मी त्यांचा हात धरून बसले. हात सोडला नाही मी.”

“बोलले काही?”

हा प्रश्न जवळजवळ दोन आठवडे उशिरा आला होता, दहा वर्षांनी आला तरी चालला असता; पण बाई दहा पावलांवर बसून होती असं मनात धरून बसलेला माणूस तो कधीच विचारायला आला नसता. हे मला तिथं, अंगणात उभं असताना कळलं. मी त्याला बारा मिनिटांचा खोटा घोर लावला होता एवढंच नव्हे. बापाच्या उशाशी जे एक माणूस होतं, तेच मी त्याच्यापासून तोडलं होतं.

“पाणी मागितलं,” सिस्टर म्हणाल्या. “ओठाला बोळा लावला. मग म्हणाले, ‘विलासचा रिलीव्हर आला का?’ रोज विचारायचे ते, चार वाजत आले की. त्या दिवशी साडेतीनलाच विचारलं.”

हंकारेंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “बाबाही रेल्वेतच होते,” ते हातांच्या आडून म्हणाले. “पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे. त्यांना ठाऊक होतं, रिलीव्हर आल्याशिवाय मी उठणार नाही.” मग हात खाली घेऊन, “तुम्ही काय सांगितलंत?”

“आला म्हटलं. आला, विलास निघालेत, येतायत. मग त्यांनी डोळे मिटले.”

“आला नव्हता, बाई. त्या दिवशी तो उशिरा आला. सव्वाचारला.”

“चार वाजले नव्हते हे मला काय ठाऊक नव्हतं?” मार्था सिस्टर म्हणाल्या. “पण त्यांच्याजवळ तेवढा वेळ नव्हता.”